मुरगळला

पावसाळ्यातला मंगळवार, डोंबिवलीहून साडेआठच्या सुमाराची फास्ट. उजव्या पायात नवऱ्याची रबरी फ्लोटर, डाव्या पायात माझी नेहमीची सँडल, अशा ध्यानात मी लेडीज डब्यात चढले, म्हणजे दोघीतिघींनी मिळून चढवलं, आणि आतल्या बायकांनी माझ्या पायाकडे एकदा बघून चक्क खिडकीची सीट दिली. या लाइनवर ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं काढल्येत त्यांना कळेल ही किती मोठी गोष्ट आहे ते. शेजारी एक मुलगी होती, पंचविशीची असेल, मांडीवर टिफिनची बॅग, एका कानात इअरफोन. ठाण्याच्या अलीकडे तिने विचारलं, "काकू, पायाला काय झालं?" आणि मी जराही न अडखळता म्हटलं, "मुरगळला गं." मग काय, लेडीज डबाच तो. आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावा, क्रेप बँडेज घट्ट बांधा, आमच्या बिल्डिंगमधला एक माणूस नस बसवून देतो, नंबर देऊ का. मी सगळ्यांना हो हो म्हणत होते. आणि मग ती मुलगी हसत म्हणाली, "माझ्या बाबांचा पण सारखा मुरगळतो काकू, वर्षातनं दोनदा तरी. आणि कसा मुरगळतो माहित्ये, झोपेत! रात्री झोपताना चांगले असतात, पहाटे उठून बघतात तर अंगठा टम्म. बाबा म्हणतात चप्पलच खराब, तीन जोड बदलले." सगळ्या हसल्या. मी पण हसले. घाटकोपर आलं, ती उठली, बॅग माझ्या पायाला लागू नये म्हणून डोक्याच्या वर धरून गेली, जाताना म्हणाली, "गरम पाण्यात मीठ टाकून शेका हां."

गाडी सुटली आणि मग माझ्या डोक्यात लख्ख झालं की मी काय करून बसले.

कारण माझा पाय मुरगळला नव्हता. मला गाऊट आहे, म्हणजे लोक ज्याला 'युरिक ॲसिड वाढलंय' म्हणतात तो. आणि त्या मुलीच्या बाबांनाही बहुतेक तोच असणार, झोपेत कुणाचा पाय मुरगळतो का कधी? हे मला तिथे बसल्याबसल्या कळलं होतं. सांगायला फक्त एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगायचं तर आधी स्वतःचं खोटं मागे घ्यावं लागलं असतं, आठ बायकांच्या देखत, आणि मी ते केलं नाही. किती दिवस झाले, अजून ते डोक्यातून जात नाहीये.

माझा पहिला अटॅक आला तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची. रात्री दोन-सव्वादोनला जाग आली ती का आली तेच कळेना. आधी वाटलं अंगठ्यात काहीतरी घुसलंय, काच वगैरे. मग ते वाढत गेलं, म्हणजे दारात बोट चिमटावं आणि दार कुणी उघडूच नये, उलट दर मिनिटाला आणखी दाबावं, तसं. नवरा बाथरूमला जायला उठला तर त्याच्या वजनाने गादी जी हलली त्याने माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहू शकत नाही. पंख्याचा वारा लागत होता. वारा! चार नंबरवर फिरणाऱ्या साध्या सीलिंग फॅनचा वारा मला बोटावर वजनासारखा जाणवत होता. पहाटे लाइट लावून बघितलं तर अंगठ्याच्या मुळाशी जांभळट लाल, कातडी अशी ताणलेली की चकाकत होती, पिकलेल्या जांभळावर उजेड पडावा तशी. दोन बाळंतपणं आणि एक मुतखडा या शरीराने काढलाय, त्यामुळे मी दुखण्याच्या बाबतीत नवखी नाही. तरी सांगते, त्या रात्री मी गॅलरीत खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, उजाडायची वाट बघत अक्षरशः रडले. आठ-नऊ दिवसांनी सगळं आपोआप ओसरलं. अंगठ्यावरची कातडी पापडासारखी सुटली, थोडी खाज आली, आणि जणू काही झालंच नव्हतं. या आजाराची हीच खोड आहे बघा, तो जातो. पूर्ण जातो. मग माणूस म्हणतो, जाऊ दे, असेल काहीतरी.

मध्ये आम्ही काय काय केलं त्याचं पाल्हाळ लावत नाही. एक्स-रे काढला, हाड ठीक. क्रेप बँडेज. दुसऱ्या खेपेला आमवाताची टेस्ट, निगेटिव्ह. कुणीतरी युरिक ॲसिड तपासायला सांगितलं, ऐन दुखण्यात तपासलं, 5.9 आलं, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, गाऊट नाही, आणि तसाही तो बायकांना होत नाही. दोन वर्षं मी त्या 'नॉर्मल'वर काढली. मग तिसऱ्यांदा गुडघ्यात आलं, गुडघा नारळाएवढा, आणि शेवटी संधिवाताच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं, मायक्रोस्कोपखाली बघून आल्या आणि म्हणाल्या, सुयाच सुया आहेत. खरंच सुया. युरेटचे बारीक टोकदार स्फटिक, पाक थंड झाला की तळाशी साखर धरते तसे सांध्यात धरलेले. रक्तात साधारण 6.8 च्या वर गेलं की ते विरघळून राहू शकत नाही, कुठेतरी बसायला लागतं, आणि पाय हा शरीराचा थंड भाग म्हणून बहुतेकदा तिथे. ऐन अटॅकमध्ये रक्तातला आकडा नॉर्मल येऊ शकतो हे त्यांनीच सांगितलं, ओसरल्यावर दोन आठवड्यांनी बघायचं. बघितलं. 8.4.

आणि बायकांना होत नाही, याचं काय? तर ग्रीक हिपोक्रेटिसने चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की पाळी थांबेपर्यंत बाईला हा आजार होत नाही. 'पाळी थांबेपर्यंत' हे शब्द वाटेत कुठेतरी गळले आणि उरलेलं वाक्य आमच्या गल्लीपर्यंत पोचलं. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन किडनीला युरिक ॲसिड बाहेर टाकायला मदत करतं, नंतर ती मदत बंद. त्यात माझी बीपीची गोळी. पाकिटावर नावापुढे एक छोटा 'एच' होता, पाच वर्षं रोज सकाळी ते पाकीट हातात घेत होते, कधी लक्ष गेलं नाही. तो एच म्हणजे लघवी वाढवणारं औषध, आणि त्याने युरिक ॲसिड शरीरातच अडकून राहतं. डॉक्टरबाईंनी ती गोळी बदलली. मी घरी येऊन जुनं पाकीट बराच वेळ बघत बसले, एवढासा एच.

त्याच संध्याकाळी मला अण्णा आठवले.

अण्णा, माझे वडील, एसटीत कंडक्टर. सिंधुदुर्गात आमचं गाव. वर्षातनं दोन-तीन वेळा अण्णा सकाळी उठायचे ते भिंतीला धरून, एक पाय उचललेला, आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायचे, "काय नाय, पाय मुरगाळलो." आई चुलीकडून म्हणायची, "खंय मुरगाळता ह्यांचो पाय देवाक म्हायत." कधी गाडीच्या पायरीवरून, कधी घाटीत, कधी शेणावरून घसरून, दर वेळी एक नवी गोष्ट असायची आणि आम्ही भावंडं ती खरी मानायचो. एकदा आईने न ऐकता वाडीतल्या एका म्हाताऱ्याला बोलावलं, तो लचक उतरवायचा. त्याने खोबरेल तेल कोमट केलं, अण्णांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अंगठा धरून ओढला. अण्णांचा तो आवाज मी आजही विसरले नाही. गाडीत दारुड्यांना दंडाला धरून खाली उतरवणारा माणूस, तो लहान पोरासारखा ओरडला आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, दिवसभर कुणाशी बोलला नाही. आता मला माहित्ये त्यांना काय झालं असेल. पंख्याचा वारा सहन होत नाही तिथे तो म्हातारा दोन्ही अंगठ्यांनी तेल जिरवत होता!

आणि त्यांच्या कोपरावर एक गाठ होती. आम्ही तिला 'लिंबू' म्हणायचो. दुखत नसे, टणक, दाबलं की आत काहीतरी कचकच करायचं, आणि अण्णा आम्हाला दाबू द्यायचे, ती आमची गंमत होती. कानाच्या पाळीच्या वरच्या कडेवरही दोन पांढरे दाणे, तांदळाच्या कणीएवढे. एके दिवशी ते लिंबू गाडीच्या दारावर आपटून फुटलं आणि आतून पांढरं निघालं, पू नाही, रक्त नाही, फळ्यावरचा खडू ओला करावा तसं. आई म्हणाली, अंगात चुनो झालो, पान कमी खावा. त्यांनी पान बंद केलं. बिचाऱ्यांनी खरंच बंद केलं, पुढे कधी खाल्लं नाही. ते पांढरं म्हणजे वर्षानुवर्षं साठलेलं युरेट होतं, हे मला माझ्या पंचावन्नाव्या वर्षी, एका वेटिंग रूमच्या भिंतीवरचा तक्ता बघताना कळलं. तक्त्यावर एक कोपर होतं. मी उठून जवळ गेले. आमचंच लिंबू.

अण्णांना डॉक्टर मिळाला नाही असं नाही, तालुक्याला होता. पण दाखवायचं काय? तोवर उतरलेलं असायचं. शिवाय मला आता वाटतं की 'मुरगाळलो' हा शब्द त्यांना सोयीचा होता. मुरगळण्यात दोष रस्त्याचा असतो, पायरीचा, पेव्हर ब्लॉकचा, महापालिकेचा. तुमचा नसतो. मुरगळलेल्या माणसाला लोक खिडकीची सीट देतात. गाऊट म्हटलं की लोक आधी तुमच्या ताटाकडे बघतात आणि मग ग्लासकडे. ऑफिसमध्ये मी पहिल्यांदा खरं सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "मॅडम, तो तर बिअरवाल्यांना होतो ना?" आणि सगळे असे हसले जणू मी रोज संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या बारमध्ये असते. नणंद म्हणाली, तुमच्या माहेरचं ते मासे-मासे. डायबेटिस सांगितला की लोक गप्प होतात, बीपी सांगितलं की स्वतःचं सांगतात, गाऊट सांगितला की चौकशी करतात. बाकी दुखण्यात माणूस रोगी असतो, यात आधी आरोपी असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

हे काही आजचं नाही म्हणा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचा, म्हणजे गाऊटसारख्याच दुखण्याचा, आणि त्यात या रोगाचं एक नाव दिलंय आढ्यवात. आढ्य म्हणजे श्रीमंत. सुकुमार, बसून खाणारे, घोडे-उंटावरून फिरणारे, त्यांना होतो. युरोपातही राजांचा रोग. मला हसू आलं, अण्णा आढ्य! महिनाअखेरीला दुकानदाराच्या वहीत नाव असलेला माणूस. उंट नव्हता, लाल डबा होता, आणि सबंध ट्रिप उभ्याने, दोन घोट पाण्यावर, कारण पाणी प्यायलं की मध्येच उतरावं लागणार, आणि ते त्यांना आवडायचं नाही. पण जुन्या वैद्यांनी एक उपमा अचूक दिल्ये. पायाच्या मुळाशी सुरू होऊन उंदराच्या विषासारखं अंगात पसरत जातं, म्हणतात. ज्याने हे लिहिलं त्याने रात्री दोनला जागा असलेला कुणीतरी बघितला असणार, नाहीतर स्वतःच जागा असणार.

पथ्याचं सांगते. पहिल्या डॉक्टरांनी, गाऊट नाही म्हणूनही, एक झेरॉक्स दिली होती, झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं पुसलेली. पालक बंद, टोमॅटो बंद, मटार, फ्लॉवर, मशरूम बंद, सगळ्या डाळी बंद. मी सहा महिने वरण खाल्लं नाही. भात, त्यावर लिंबू, मीठ, तूप, मध्ये काहीच नाही, पिवळं काही नसलेल्या ताटाकडे बघून जीव कसनुसा व्हायचा. चौथ्या महिन्यात तरी अटॅक आलाच. नंतरच्या बाई हसल्या, म्हणाल्या डाळी-भाज्यांनी गाऊट वाढतो असं दिसलेलं नाही, दूध-ताक तर उलट चांगलं, वजन बघा, गोड सरबतं-कोल्ड्रिंक सोडा, मटणाची कलेजी सोडा, आणि शरीरातल्या युरिक ॲसिडचा साधारण दोन तृतीयांश भाग शरीर स्वतःच बनवतं, ताटाचा वाटा उरलेला. बहुतेकांच्यात पाणी जास्त सुटलेलं नसतं, मोरीची जाळी तुंबलेली असते. किडनी बाहेर टाकत नाही पुरेसं, आणि ती जाळी पुष्कळदा वारशाने येते. हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच रागही आला, त्या सहा महिन्यांच्या वरणाचा.

मासे मात्र खरे दोषी. इंग्रजी यादीत अँकोव्ही आणि सार्डिन लिहिलेलं असतं, ते वाचून मी निर्धास्त होते, आपण कुठे असलं काही खातो. मग भाच्याने मोबाइलवर फोटो दाखवले. सार्डिन म्हणजे तारली. आणि ती कुरकुरीत तळलेली मांदेली, जी मी लहानपणापासून शेंगदाण्यांसारखी खात आल्ये, ती अँकोव्हीच्याच घराण्यातली. वर सुकट, जवळा. म्हणजे मी कोकणातली बाई सगळ्या जगाने मनाई केलेला माल रोज भाकरीबरोबर खात होते आणि टोमॅटोला घाबरत होते. आता महिन्यातनं एकदा, चार मांदेल्या. मोजून. नवरा पाचवी वाढायला जातो आणि मी ताटावर हात आडवा धरते, तेव्हा मला स्वतःचीच दया येते जरा.

गोळ्यांचंही एक शास्त्र आहे जे कुणी नीट सांगत नाही. दुखतं तेव्हाची गोळी वेगळी आणि युरिक ॲसिड कमी करायची वेगळी, ती रोजची, बरं वाटत असतानाची. ॲलोप्युरिनॉल, 1966 पासून वापरात असलेलं जुनंपानं औषध, 100 मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत न्यायचं, अंगावर पुरळ आलं तर त्या क्षणी थांबवून फोन करायचा, आणि आकडा 6 च्या खाली आणून तिथेच ठेवायचा. गंमत म्हणजे ती सुरू केल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला अटॅक आला. मी म्हटलं संपलं, हे औषधच बाधलं. बरेच लोक इथेच सोडतात. पण जुने साठे विरघळायला लागले की ते जाताजाता एकदा खवळतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने सोबत कोल्चिसिनची छोटी गोळी देतात, अर्ध्या मिलिग्रॅमची. मी ती अधूनमधून विसरत होते. आणि जास्त घेतली तर जुलाब असे की अंगठा परवडला. शेकाचं पण तसंच, मी अटॅकमध्ये गरम पाण्यात पाय घालायचे आणि कळवळायचे. बर्फ लावायचा असतो, रुमालात गुंडाळून.

कोल्चिसिन परदेशातल्या एका केशरासारख्या दिसणाऱ्या फुलझाडापासून येतं, आणि तेच द्रव्य आपल्या कळलावीतही आहे. हे वाचलं आणि मी उठून बसले. आमच्या घरामागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, श्रावणात ती वर चढायची, पानांची टोकं दोऱ्यासारखी वळवून कशालाही धरून, आणि लाल-पिवळी, ज्वाळांसारखी उलटी वळलेली फुलं. अण्णा सांगायचे, हात लावूचो नाय, मूळ वीख आसा. खरंच जहाल विष आहे, कुणी घरी प्रयोग करू नका. पूर्वी अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिचं मूळ वापरायचे म्हणून कळलावी. म्हणजे कळ लावणारीच्या पोटात कळ काढणारं औषध, आणि अण्णा पाय उचलून, एका हाताने तोच गडगा धरून उभे असायचे.

हल्ली सकाळी गॅलरीत बसते तेव्हा कबुतरांचा राग थोडा कमी आलाय. ग्रिलवर ते जे पांढरं घाण करून ठेवतात ना, ते पांढरं म्हणजे युरिक ॲसिडच. पक्षी ते असं सहज टाकून उडून जातात. आणि बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, आपल्या पूर्वजांनी ते दीडेक कोटी वर्षांपूर्वी कधीतरी गमावलं. मी चहा पीत ब्रश आणि बादली घेऊन ग्रिल घासते आणि वाटतं, बाई, तुझ्या अंगठ्यात जे अडकून बसलंय ते या शहाण्याने तुझ्या तुळशीवर टाकलंय.

आता दीड वर्ष झालं, आकडा 5.4, एकही अटॅक नाही, हो, तो मंगळवारचा सोडून. तो माझाच दोष, गावी लग्नाला गेले आणि आठ दिवस गोळ्यांचं पाकीट इथेच फ्रिजवर राहिलं. बरं वाटत असताना रोज गोळी घेणं किती कठीण असतं हे मी आता कुणालाच शहाणपणाने सांगणार नाही.

त्या मंगळवारनंतर मी त्याच गाडीला, त्याच डब्यात, त्याच दाराने चढते. एका जुन्या मेडिकलच्या बिलाच्या मागे लिहून ठेवलंय, बाबांना सांग, पाय मुरगळत नाहीये, दुखणं उतरल्यावर दोन आठवड्यांनी युरिक ॲसिड आणि क्रिएटिनिन करा, संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा, चप्पल बदलू नका. क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनीच्या तपासणीच्या, खाली मी रेघ मारल्ये, कारण अण्णा शेवटी किडनीनेच गेले. पासच्या पाकिटात ठेवून ठेवून तो कागद घड्यांवर फाटायला आलाय, मागच्या आठवड्यात मागे चिकटपट्टी लावली. तिचा चेहरा आता मला नीट आठवत नाही, बॅग आठवते, निळी, चेनला एक छोटं कापडी माकड लटकवलेलं. घाटकोपर आलं की मी खिडकीतून मेट्रोच्या जिन्याकडे जाणाऱ्या गर्दीत ते माकड शोधते. परवा शेजारच्या बाईने विचारलं, "कुणी यायचंय का?" मी म्हटलं, नाही, असंच. मग जरा थांबून तिला म्हटलं, "मला गाऊट आहे."

ती म्हणाली, "अय्या, म्हणजे मटण बंद?"